‘हे सॉफ्टवेअर भंगार आहे’ म्हणण्याआधी या चुका टाळा

ऑफिसातलं जुनं सॉफ्टवेअर काढायचं, नवं बसवायचं आणि मग तिथल्या माणसांना ते शिकवायचं, हे गेली १७ वर्षं माझं काम आहे. बसवायला दोन दिवस लागतात, शिकवायला एक आठवडा, आणि "आधीचंच बरं होतं" हे ऐकून घ्यायला पुढचे सहा महिने.

त्या सहा महिन्यांत जे कानावर पडतं त्यातलं निम्मं सॉफ्टवेअरबद्दल नसतंच, बोलणाऱ्याच्या बोटांबद्दल असतं. उरलेल्यातलं बरंचसं रंगरूपाबद्दल. ते सॉफ्टवेअर कामाला कसं आहे, हे त्यातून पाखडून काढावं लागतं. त्याच त्या चुका बघून आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच लिहून टाकतो. यातल्या बहुतेक मी स्वतः केल्या आहेत, काही तर दोनदा.

‘सोपं’ आणि ‘सवयीचं’ यांत गल्लत करणं

ही मूळ चूक. बाकीच्या बऱ्याच हिच्याच पोटच्या.

जेफ रास्किन या माणसाने १९७९ मध्ये ॲपलमध्ये मॅकिंटॉशचा प्रकल्प सुरू केला. कॉम्प्युटर साध्या माणसाला वापरता यावा म्हणून आयुष्य घालवलेल्या या माणसानेच १९९४ मध्ये लिहून ठेवलं की लोक ज्याला ‘न शिकवता कळणारं’ म्हणतात, ते खरं तर ‘आधी कुठेतरी पाहिलेलं’ असतं. मला हे पटायला एक साठीचे गृहस्थ कारणीभूत झाले. त्यांच्या हातात मी माऊस दिला, तर त्यांनी तो उचलून टीव्हीच्या रिमोटसारखा पडद्याकडे रोखला आणि बटण दाबलं. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांच्या हाताला रिमोट माहीत होता, माऊस नव्हता.

आपल्याला मात्र वाटतं की आपण वापरतो ते मुळातच सोपं आहे. विंडोज ९५ मध्ये कॉम्प्युटर बंद करायला आधी ‘स्टार्ट’ दाबावं लागायचं. कोट्यवधी लोकांनी वर्षानुवर्षं ते दाबलं आणि कुणाला खटकलं नाही. जुन्या मॅकवर फ्लॉपी बाहेर काढायची तर तिचं चित्र ओढून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं. त्याच डब्यात फाइल टाकली की ती पुसायला निघायची, फ्लॉपी टाकली की सुखरूप बाहेर यायची. मॅकवाल्यांना विचारा, ते सांगतील की यात काय अवघड आहे! १८७० च्या दशकातल्या टाइपरायटरवरची अक्षरांची मांडणी आज तुमच्या फोनच्या काचेवर आहे. ती तशीच का आहे, हे तुम्ही कधी विचारलं होतं?

आता माझी फजिती. बऱ्याच वर्षांपूर्वी मी ब्लेंडर हे थ्रीडीचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. वस्तू निवडायला डावं क्लिक केलं, तर वस्तू निवडलीच जाईना. कुठलं तरी गोल चिन्ह तेवढं सरकायचं. वीस मिनिटांत कळलं की इथे निवड उजव्या क्लिकने होते. मी जोरात हसलो, शेजारच्याला बोलावून दाखवलं आणि ते काढून टाकलं. "फुकटचं असं असतं," हे वाक्यही फेकलं. २०१९ च्या जुलैमध्ये ब्लेंडरची २.८० आवृत्ती आली, तिच्यात डावं क्लिक हीच मूळ पद्धत झाली. मी पुन्हा उतरवलं आणि म्हणालो, "आता सुधारलं बघा." त्या आवृत्तीत सुधारणा पुष्कळ होत्या, पण मला त्यातली एकच दिसली होती, ती म्हणजे माझं बोट जिथे जायचं तिथे आता काहीतरी घडत होतं. उजव्या क्लिकमागेही विचार होता: डावं बटण काम करायला, उजवं निवडायला, म्हणजे काम करता करता चुकून भलतीच वस्तू निवडली जात नाही. तो विचार तुम्हाला पटेल किंवा पटणार नाही. मी तर तो समजून घ्यायचे कष्टच घेतले नव्हते, आणि वीस मिनिटांच्या जोरावर चार-पाच वर्षं लोकांना "ते नका वापरू" असं सांगत फिरलो होतो.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. कुणी म्हणालं "हे फार सोपं आहे", की मी विचारतो, "कशासारखं आहे?" दहातले आठ जण लगेच दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरचं नाव घेतात. मग मला कळतं की हे कौतुक नेमकं कुणाचं चाललंय. "हे अवघड आहे" म्हणणाऱ्यालाही तोच प्रश्न उलटा: "कशापेक्षा?"

पहिल्याच दिवशी निकाल देणं

रॉबर्ट झायोन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवून दिलं होतं की एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली, तरी ती जास्त आवडू लागते. त्यासाठी तिने आपलं काही भलं करायला लागत नाही. म्हणजे जुन्या सॉफ्टवेअरला तुमच्याकडे दहा वर्षांचं भांडवल आहे आणि नव्याला तुम्ही जेवायच्या सुट्टीआधीची पंधरा मिनिटं देताय.

मी दोन आठवड्यांच्या आत कुणाचंही मत लिहून घेत नाही. तक्रार लिहून घेतो, मत नाही. हा फरक पुढे कामाला येतो.

नवशिक्यांच्या उतावळेपणावर मला एक स्वतंत्र तक्रार करायची आहे, पण ती इथेच दोन ओळींत उरकतो. व्हिम नावाचा एक एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, आहे. तो ज्या व्हीआय एडिटरवरून आला, तो बिल जॉय यांनी १९७६ मध्ये लिहिला. त्यात कर्सर हलवायला एच, जे, के, एल ही अक्षरं वापरतात, कारण जॉय ज्या टर्मिनलवर बसून काम करत होते, त्याच्या याच कळांवर बाण छापलेले होते. हा एडिटर उघडणाऱ्याला त्यातून बाहेर कसं पडायचं तेच कळत नाही. ‘व्हिममधून बाहेर कसं पडू’ हा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटवरचा प्रश्न २०१७ पर्यंत १० लाखांहून जास्त वेळा पाहिला गेला होता. त्या गर्दीत मीही होतो. तरीही जे महिनाभर टिकले ते आज माऊसला हात न लावता कोड लिहितात आणि दुसरा एडिटर दिला तर चिडतात. ज्यांनी पाच मिनिटांत खिडकी बंद केली त्यांच्यासाठी व्हिम हा आयुष्यभराचा विनोद आहे. दोघांसमोर सॉफ्टवेअर तेच होतं. आता व्हिमचं बाहेर पडणं चांगलं रचलेलं आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. एखादं साधन शिकावं लागतं, एवढ्यावरून ते वाईट ठरत नाही आणि चांगलंही ठरत नाही, इतकंच.

डेमो बघून भाळणं

या चुकीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हिची किंमत मी चार माणसांना मोजायला लावली.

एका घाऊक विक्रेत्याचं ऑफिस. बिलं मारायला चार जण. सॉफ्टवेअर जुनं, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं, माऊसचा संबंध नाही. मालकांना त्याची लाज वाटायची. बाहेरचं कुणी आलं की ते त्या टेबलांकडे पाठ करून उभे राहायचे. नवं सॉफ्टवेअर निवडायला त्यांनी मला बोलावलं. तीन कंपन्यांचे डेमो झाले. तिसरा डेमो सुरू झाला आणि खोलीतली हवाच बदलली. मोकळा पांढरा पडदा, गोलसर बटणं, विक्रीचे आलेख हळूच वर चढत येणारे. मालाचं नाव लिहायला लागलं की खाली यादी अलगद उलगडायची. दाखवणारा मुलगाही छान बोलणारा. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "हेच घ्या."

बिलं मारणाऱ्या चौघांपैकी एकही त्या खोलीत नव्हता. त्यांना बोलवायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पाहिलं तर चाळीसहून जास्त अर्धवट बिलं सेव्ह झालेली. कुठे फक्त गिऱ्हाइकाचं नाव, कुठे एकच ओळ. कारण असं की जुन्या सॉफ्टवेअरमध्ये एंटर दाबलं की पुढच्या रकान्यात जायचं. नवं सॉफ्टवेअर ब्राउझरमधलं. तिथे एंटर दाबलं की फॉर्मच पाठवला जायचा. आधी बारा ओळींचं बिल मिनिटाच्या आत व्हायचं, ते आता तीन-चार मिनिटं घ्यायला लागलं. कंपनीला फोन केला. उत्तर आलं: "टॅब वापरायला सांगा, सवय होईल." आणि मी, ज्याला वरचा रास्किन तोंडपाठ होता, मीही मान डोलावली. चौघांना समोर बसवून सवयीवर भाषण दिलं. ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे आठवलं की अजून कसंतरी होतं.

तक्रारींची वही मात्र मी ठेवली होती. पहिल्या आठवड्यात पानंच्या पानं भरली: रिपोर्ट कुठे आहे, छपाई कुठून करायची, तारीख उलटी का दिसते. तिसऱ्या आठवड्यात यातलं जवळपास सगळं गळून गेलं होतं. एक ओळ मात्र रोज, चौघांच्याही नावापुढे: एंटर.

चौथ्या आठवड्यात मी त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या ताईंच्या शेजारी खुर्ची टाकून तासभर नुसता बसलो. हे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. त्या म्हणाल्या, "सर, पडद्याकडे बघू नका, माझ्या हातांकडे बघा." त्यांचा डावा हात कागदावर होता, बोट ज्या ओळीवर ती ओळ चाललेली. उजवा हात आकड्यांच्या कळांवर. एंटर तिथेच, करंगळीखाली. टॅब कीबोर्डच्या पार डाव्या टोकाला. म्हणजे प्रत्येक रकान्याला कागदावरचं बोट उचला, टॅब दाबा, परत कागदावर या आणि ओळ शोधा. बारा ओळींच्या बिलात असं पन्नासेक वेळा. त्यांना सवय झाली होती हो. टॅबची सवय दुसऱ्या आठवड्यातच झाली होती. पण सवय झाली म्हणून तिसरा हात थोडाच फुटतो!

कंपनीने अखेर एंटरवर पुढचा रकाना आणि सेव्ह करायला वेगळी कळ असा बदल करून दिला. त्याला त्यांच्या प्रोग्रामरला एक दिवस लागला. वेग बराचसा परत आला, पण सगळा नाही, कारण ती अलगद उलगडणारी यादी. डेमोत जिच्यावर आम्ही जीव टाकला होता तीच. उलगडायला अर्धा सेकंद घ्यायची. सॉफ्टवेअर वापरायला सोपं कसं करावं याचे अभ्यासक जेकब निल्सन यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या मर्यादा या धंद्यात सगळ्यांना माहीत असतात: ०.१ सेकंदाच्या आत उत्तर आलं तर माणसाला ते तत्काळ वाटतं, १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही, १० सेकंदांनंतर लक्ष उडतं. एकदा बघणाऱ्याला अर्धा सेकंद म्हणजे नजाकत. दिवसात हजार वेळा थांबणाऱ्याला तोच अर्धा सेकंद म्हणजे आठ मिनिटं, शिवाय हजार वेळा लागलेली ठेच.

दिसण्याने आपण असे का फसतो, यावर जपानमध्ये मसाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा यांचा एक अभ्यास आहे, १९९५ चा. त्यांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ मांडण्या केल्या आणि २५२ लोकांना प्रत्येक मांडणी किती सुंदर आणि किती सोपी वाटते ते विचारलं. प्रत्यक्षात सोपी कुठली याच्याशी लोकांच्या ‘सोपी वाटते’ या उत्तराचा जेवढा संबंध होता, त्यापेक्षा जास्त संबंध ‘सुंदर दिसते’ याच्याशी निघाला. नोआम ट्रॅक्टिन्स्की या संशोधकांना वाटलं की हे जपानी लोकांच्या सौंदर्यदृष्टीमुळे असेल. म्हणून त्यांनी हाच प्रयोग इस्राएलमध्ये केला. तिथे हा संबंध कमी होण्याऐवजी आणखी घट्ट निघाला. तेव्हा "मी दिसण्यावर जात नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मी विषय बदलतो.

या गोष्टीला एक शेपूट आहे आणि ते न सांगणं अन्यायाचं होईल. त्याच ऑफिसात पुढे एक नवा मुलगा लागला. जुन्या सॉफ्टवेअरवर नवा माणूस तयार व्हायला दोन महिने लागायचे, कारण मालाचे सगळे कोड पाठ करावे लागत. हा मुलगा चार दिवसांत बिलं मारू लागला. त्याला जुन्याचं प्रेमही नव्हतं आणि नव्याचं कौतुकही नव्हतं. मी त्याला विचारलं, नवं कसं वाटतं? तो म्हणाला, "ठीक आहे, यादी जरा रखडते." अख्ख्या प्रकरणात मला मिळालेलं सगळ्यांत खरं मत ते.

आता डेमोला जाताना मी तीन गोष्टी करतो. गेल्या महिन्यातली सगळ्यांत किचकट दहा कागदपत्रं बरोबर नेतो: खाडाखोड असलेली, परत आलेल्या मालाची, दोन पानांची. दाखवणाऱ्याच्या हातातून माऊस काढून घेतो आणि रोज काम करणाऱ्या माणसाला खुर्चीत बसवतो. आणि कळा मोजतो, अक्षरशः कागदावर रेघा मारून. विकणाऱ्यांना हे आवडत नाही. एकाने मला सांगितलं होतं की अशाने सॉफ्टवेअरचा ‘अनुभव’ येत नाही. मी म्हटलं, तो आम्हाला पुढची सात वर्षं येणारच आहे.

"सवय होईल" म्हणून सोडून देणं

ही वरच्या पहिल्या चुकीची उलटी बाजू, आणि ती सॉफ्टवेअर बनवणारे जास्त करतात. लोक बदलाला विरोध करतातच, हे एकदा पाठ झालं की प्रत्येक तक्रार त्याच खात्यात टाकता येते.

दोन उदाहरणं शेजारी ठेवून बघा. ‘ऑफिस २००७’ या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने वर्ड-एक्सेलचे जुने मेनू काढून वर बटणांची रुंद पट्टी, म्हणजे रिबन, आणली. त्या वर्षी मी शिकवायला जाईन तिथे शिव्या खाल्ल्या, जणू ती मीच बनवली होती. विंडोज ८ मध्ये, २०१२ च्या ऑक्टोबरात, त्याच कंपनीने स्टार्टचं बटण काढून टाकलं आणि पूर्ण पडदाभर प्रोग्रॅमच्या चौकोनी फरशा मांडल्या. तिथेही शिव्या. पण रिबन आजही आहे आणि लोकांना जुने मेनू आठवतही नाहीत. स्टार्टचं बटण मात्र वर्षभरात, विंडोज ८.१ मध्ये परत आलं, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये स्टार्टचा जुना मेनूही परत आला.

पहिल्या आठवड्यात दोन्ही तक्रारी सारख्याच आवाजाच्या होत्या. फरक पुढे कळला. रिबनबद्दल लोक विचारायचे, "ते कुठे गेलं?" एकदा दाखवलं की प्रश्न संपायचा. विंडोज ८ मध्ये जागा दाखवूनही त्रास संपत नव्हता. बोटाने वापरायच्या टॅब्लेटची मांडणी माऊसवाल्या टेबलावर आणलेली. एक छोटा प्रोग्रॅम सुरू करायचा तर समोरचं सगळं काम झाकलं जाणार. महिन्यानंतरही तीच तक्रार, त्याच जागी.

म्हणून माझी ती वही. प्रत्येक तक्रारीपुढे तारीख. ‘कुठे’ने सुरू होणाऱ्या तक्रारी आपोआप वाळतात, त्यांच्यासाठी मी बोट उचलत नाही. चौथ्या आठवड्यात जे उरतं ते सॉफ्टवेअरचं दुखणं समजायचं आणि बनवणाऱ्याच्या मागे लागायचं. याला कुठलं शास्त्र नाही, माझी आपली पद्धत आहे. तारीख न टाकता नुसती ‘फीडबॅक’ची यादी पाठवणारे मॅनेजर मला माहीत आहेत. त्या यादीत एंटरचं दुखणं आणि "निळा रंग आवडला नाही" हे शेजारी शेजारी बसलेले असतात.

जुन्याच्या खोड्या दिसेनाशा होणं

नव्याचा प्रत्येक दोष आपल्याला दिसतो, जुन्याचे आपण सांभाळून घेत असतो आणि सांभाळतोय हेही विसरतो.

याचं सगळ्यांत मोठं उदाहरण एक्सेलचं. मानवी जनुकांपैकी काहींची संक्षिप्त नावं ‘मार्च१’, ‘सेप्ट१’ अशी होती. एक्सेलमध्ये ती लिहिली की एक्सेल त्यांची तारीख करून टाकायचं, न विचारता. शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं हे सहन करत राहिले आणि छापून आलेल्या संशोधनाच्या तक्त्यांमध्येही जनुकांच्या जागी तारखा गेल्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांची अधिकृत नावं ठरवणाऱ्या समितीने नामकरणाचे नियम बदलले. ‘मार्च१’चं ‘मार्चएफ१’ झालं, ‘सेप्ट१’चं ‘सेप्टिन१’. सॉफ्टवेअर बदलायच्या आधी जनुकांनी नावं बदलली! तारखा आपोआप करू नकोस, असं सांगायची सोय एक्सेलमध्ये २०२३ मध्ये आली.

हेच एखाद्या नव्या, अनोळखी सॉफ्टवेअरने केलं असतं, तर पहिल्या दिवशी डच्चू मिळाला असता. मी आता जुनं सॉफ्टवेअर काढण्याआधी लोकांना एक कोरा कागद देतो आणि सांगतो, "याच्याशी जुळवून घ्यायला तुम्ही काय काय करता ते लिहा." आधी म्हणतात, काहीच नाही. मग एक जण म्हणतो की तो रोज चार वाजता सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा चालू करतो, नाहीतर ते अडकतं. मग दुसऱ्याला आठवतं. अर्ध्या तासात कागद भरतो आणि खोलीत हशा पिकतो.

नव्याला जुन्याचा मुखवटा चढवणं

आवडता शॉर्टकट. गिम्प हे फोटोंवर काम करायचं फुकट सॉफ्टवेअर वापरायला घेतात आणि पहिल्याच दिवशी त्याला फोटोशॉपसारखं दिसायला लावणारी थीम टाकतात, कळाही फोटोशॉपच्या करून घेतात. मला यात फार राग येतो, कबूल करतो. चेहरा ओळखीचा झाला की हात जुन्याच अपेक्षा घेऊन चालतो आणि आत यंत्र वेगळं असतं, त्यामुळे प्रत्येक पावलाला फसगत. वर मदत शोधायला जावं तर तिथल्या सूचनांमधली बटणं तुमच्या पडद्यावर नाहीत. दीड महिन्याने हीच मंडळी मला फोन करतात.

याचा अर्थ तक्रारच करू नका असा नाही. गिम्पच्या खिडक्या पडद्यावर विखुरलेल्या असायच्या, ते लोकांना कधीच मानवलं नाही. २०१२ मध्ये २.८ आवृत्तीत सगळं एका खिडकीत घ्यायची सोय झाली. ती थीम नव्हती, दुरुस्ती होती. निदान महिनाभर सॉफ्टवेअर त्याच्या स्वतःच्या चेहऱ्याने वापरा, मग काय ते बदला.

बारीकसारीक, पण रोजच्या

‘सुंदर म्हणजे दिखाऊ’ असा उलटा सूर लावणं. कुरूप पडदा हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. लॅरी टेस्लर यांनी १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत कट, कॉपी, पेस्टची पद्धत बसवली. सॉफ्टवेअरमध्ये ‘अवस्था’ (मोड) बदलण्याचा, म्हणजे तीच कळ कधी एक काम करते, कधी दुसरंच, याचा त्यांना एवढा तिटकारा होता की गाडीच्या नंबरप्लेटवरही त्यांनी ‘नो मोड्स’ लिहून घेतलं होतं. कट, कॉपी, पेस्टचं ते काम इतकं मुरलंय की त्याला कुणी रचना म्हणतच नाही. चांगली रचना बहुधा अशीच, कौतुक न होणारी.

स्क्रीनशॉटवरून सॉफ्टवेअर निवडणं. लग्नाच्या फोटोवरून संसार ओळखण्यासारखं आहे ते.

ऑफिसातल्या सगळ्यांत हुशार मुलाला चाचणीला बसवणं. त्याला काहीही जमतं, म्हणून तर तो त्या कामाला निरुपयोगी. सगळ्यांत वैतागलेल्या माणसाला बसवा.

"अनडू आहे का?" हे न विचारणं. चूक करून परत येता येत असेल तर माणसं धीटपणे शिकतात. नसेल तर महिनोन् महिने तीच चार बटणं दाबत राहतात आणि सॉफ्टवेअर अवघड आहे म्हणतात. डेमोत मी मुद्दाम एक चुकीची नोंद करून पुसायला सांगतो. तेव्हा दाखवणाऱ्याचा चेहरा बघावा.

आणि जुनं सॉफ्टवेअर नव्याच्या शेजारी दोन्हीकडे नोंदी करायला उघडं ठेवणं. मालकांना यात सुरक्षित वाटतं. प्रत्यक्षात घाईच्या वेळी सगळे जुन्यात नोंद करतात, नव्यात ‘नंतर’ करू म्हणतात, आणि महिनाअखेरीला दोन्हींचे आकडे जुळत नाहीत. जुनं ठेवायचंच असेल तर फक्त वाचण्यापुरतं ठेवा, नोंद करायचं बटण बंद करून. मी ते बदलाच्या आदल्या रात्री स्वतः बंद करतो आणि पासवर्ड कुणालाही देत नाही, मालकांनासुद्धा नाही.